सवाल नेला, जवाब पडद्यावरच राहिला

लोकप्रिय चित्रपटात रोजच्या जगण्याचे तत्त्वज्ञान सापडते की नाही, यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो सापडते, आणि पुरावा म्हणून एखादा संवाद काढून दाखवतो. ‘आनंद’मधले आयुष्याच्या लांबीविषयीचे वाक्य, ‘३ इडियट्स’मधले यशामागे न धावण्याचे वाक्य, अशी ही ठरलेली पुरचुंडी असते. ती व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर असते, शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या भाषणात असते, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात तर असतेच असते. दुसरा पक्ष नाक मुरडतो. त्याच्या मते गल्ल्यासाठी काढलेल्या चित्रपटात तत्त्वज्ञान शोधणे म्हणजे भेळेच्या कागदावरचा मजकूर पोथी म्हणून वाचणे. टाळ्या घेणारी चार वाक्ये म्हणजे विचार नव्हे, असे तो बजावतो.

भांडण जुने आहे, पण दोघांची चूक एकच आहे. दोघेही फक्त संवाद ऐकतात. एकाला ते वाक्य आवडते, दुसऱ्याला ते उथळ वाटते. पण ते वाक्य कोण बोलले, कोणाला बोलले, त्याची किंमत पुढे कोणी मोजली, याकडे दोघांचीही पाठ असते. लोकप्रिय चित्रपटात विचार असतो, मात्र तो वाक्यात क्वचित असतो. वाक्याला कथेने जे उत्तर दिलेले असते, त्यात तो असतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी वाटू नये. शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या झगड्यात तुरेवाले शिवाची थोरवी गात आणि कलगीवाले शक्तीची. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, असे रात्र सरेपर्यंत चाले. विषय ब्रह्म-मायेचा आणि ऐकणारे दिवसभर शेतात राबलेले. त्यांतल्या एखाद्याने तुरेवाल्याचे एक कडवे तेवढे पाठ केले असते आणि आजच्या रात्रीचे सार ते हेच, असे तो सांगू लागला असता, तर पारावर त्याची हुर्यो उडाली असती. चित्रपटाच्या बाबतीत मात्र नेमके हेच रोज घडते आणि कोणी हसत नाही. सवाल घरी नेला जातो, जवाब पडद्यावरच राहतो.

‘प्रभात’चा ‘माणूस’ हा १९३९ सालचा चित्रपट याचा सर्वांत बोलका दाखला आहे. त्याच्या चार वर्षे आधी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा ‘देवदास’ आला होता. प्रेमभंग झालेल्या तरुणाने दारूत बुडून मरण्यात काहीतरी भव्य आहे, असे त्याने देशभरच्या प्रेक्षकांना वाटायला लावले. व्ही. शांताराम यांचा ‘माणूस’ हे त्याला दिलेले उत्तर मानले जाते. म्हणजे हा चित्रपट जन्मतःच प्रतिवाद आहे. बॉम्बे टॉकीजच्या झाडाखालच्या गोड प्रेमप्रसंगांचीही त्यात जाता जाता टिंगल केलेली आहे.

गणपत हा साधा पोलीस शिपाई. जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडते तेव्हा मैना नावाची वेश्या त्याच्या हाती लागते आणि तो तिला वाचवतो. हा चित्रपट आज ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांच्या स्मरणात बहुधा मैनेचे एक गाणेच आहे. ते अनंत काणेकरांनी लिहिले, मास्टर कृष्णरावांनी त्याला चाल दिली आणि मैनेची भूमिका करणाऱ्या शांता हुबळीकरांनी ते स्वतः गायले. उद्याची चिंता कशाला, आजचा दिवस आपला, असा त्याचा आशय. ऐंशी वर्षे उलटली तरी हे गाणे जगण्याचा मंत्र म्हणून उद्धृत होते. शांताबाईंच्या आत्मचरित्राचे नावही त्याच्याच मुखड्यातून आले.

पण गाणे येते कुठे? मैना ते गिऱ्हाइकांपुढे गाते. गिऱ्हाइके निरनिराळ्या प्रांतांची, म्हणून कडवीही निरनिराळ्या भाषांतली. उद्याचा विचार सोडा, हे त्या बाईचे तत्त्वज्ञान नाही, तो तिच्या धंद्याचा माल आहे. गिऱ्हाइकाने उद्याचा विचार केला तर तो जिनाच चढणार नाही. मैनेला स्वतःला मात्र उद्याचाच घोर आहे. गणपतच्या घरी सून म्हणून जाता येईल का, त्याच्या देवभोळ्या आईला तोंड कसे दाखवायचे, ही तिची घालमेल चित्रपटभर चालते. पुढे तिला छळणाऱ्या नातेवाइकाचा तिच्या हातून खून होतो, तिला जन्मठेप होते, आणि गणपत तिला सोडवायला निघतो तेव्हा तीच नकार देते. गणपत कोसळतो, दारूकडे वळतो, देवदासच्या वाटेवर चार पावले टाकतोही. मग तो परत फिरतो आणि कामावर उभा राहतो.

गाणे म्हणते, उद्याचे पाहू नका. कथा म्हणते, उद्या सकाळी हजेरी आहे. चित्रपटाचे म्हणणे कोणते, हे ठरवायला फार पांडित्य लागत नाही. शेवटपर्यंत बसून राहावे लागते, इतकेच.

त्याआधी १९३६ मध्ये ‘प्रभात’नेच काढलेला दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. भक्तिपट म्हटला की त्यात उपदेश असणारच, असे धरून चालले जाते, आणि या चित्रपटात अभंग आहेतही. पण त्यांना पडद्यावर एक तोडीस तोड प्रतिपक्ष आहे: गौरी यांनी उभी केलेली जिजाई. मूल तापाने फणफणलेले असताना ती हातात चप्पल घेऊन देवळात शिरते, थेट विठ्ठलालाच जाब विचारायला. तुकारामाचा वैराग्याचा हिशेब तिला मान्य नाही, कारण तिला रोज दोन वेळा चूल पेटवायची आहे. चित्रपट तिची टर उडवत नाही, तिला अडाणीही ठरवत नाही. शेवटी वैकुंठाचे विमान येते आणि तुकाराम तिला चल म्हणतो, तेव्हाही ती संसार टाकून निघत नाही. विमान वर जाते, जिजाई अंगणात राहते. या चित्रपटातले रोजच्या जगण्याचे तत्त्वज्ञान एकट्या तुकारामाकडे नाही, तसेच एकट्या जिजाईकडेही नाही. ते त्या दोघांच्या न मिटलेल्या भांडणात आहे. स्टेटसवर मात्र जिजाई कोणी ठेवत नाही.

यावर एक बळकट आक्षेप घेतला जातो. ‘प्रभात’च्या काळाचे सोडा, आजचा दिग्दर्शक वाक्य लिहितो तेच मुळी प्रेक्षकाने घरी न्यावे म्हणून, मग नेणाऱ्याचा दोष काय? हा आक्षेप राजकुमार हिरानी यांच्या ‘३ इडियट्स’ला (२००९) लावून पाहण्यासारखा आहे, कारण त्या चित्रपटाला काहीतरी शिकवायचे आहे यात शंका नाही. गुणवत्तेच्या मागे लागा, यश आपोआप मागे येईल, असे त्याचा नायक रँचो सांगतो.

सांगतो खरा, पण रँचो स्वतः परीक्षेत पहिला येतो. नियम ज्याने सांगितला, त्याच्यावर तो कधी तपासलाच जात नाही. पदवीची पर्वा नसलेला हा मुलगा माळ्याचा. मालकाच्या मुलाच्या नावावर तो शिकतो, पदवीचा कागद मालकाच्या घरी जातो, आणि तरीही शेवटी तोच चारशे पेटंटांचा धनी निघतो. कथेने त्याच्यासाठी सगळे फासे आधीच भरून ठेवलेले आहेत. वाक्य खरे ठरावे म्हणून पटकथेला इतका आटापिटा करावा लागतो, हीच त्या वाक्याविरुद्धची साक्ष आहे.

नियम खरोखर तपासला जातो तो जॉय लोबोवर. या मुलाला मनापासून आवडणारे काम करायचे आहे. एक उडते यंत्र तो जीव ओतून बनवतो आहे. काम मुदतीत बसत नाही आणि प्राचार्य मुदत वाढवून देत नाहीत. रँचो ते यंत्र दुरुस्त करतो, पोरे टाळ्या पिटत त्याला वर उडवतात, ते जॉयच्या खिडकीपाशी पोचते आणि त्याच्यावरच्या कॅमेऱ्यात त्याचा लटकता देह दिसतो. गुणवत्तेच्या मागे धावणाऱ्याच्या मागे यश येतेच, या विधानाला याहून कठोर उत्तर त्याच्या विरोधकालाही देता आले नसते. चित्रपटाने स्वतःलाच ते पहिल्या तासाभरात देऊन टाकले आहे.

राजू रस्तोगीच्या घराचा प्रसंग त्याहून बारकाईने पाहण्याजोगा. घर दिसते ते कृष्णधवल, पन्नाशीच्या दशकातल्या रडक्या चित्रपटासारखे. वडील अंथरुणाला खिळलेले, बहीण हुंड्यापायी लग्नाची राहिलेली, आई जेवायला वाढता वाढता भाज्यांचे भाव सांगते आहे. पाहुणे म्हणून आलेल्या मित्रांचा घास तोंडातच राहतो. नवऱ्याची खाज खाजवलेले लाटणे पुन्हा पोळीवर फिरते. थिएटर हसते आणि हसायलाच हवे. प्रसंग तसाच रचलेला आहे. पण राजूच्या बोटांत अंगठ्या का आहेत, परीक्षेच्या आधी तो देवांपुढे का हात जोडतो, याचे उत्तर याच स्वयंपाकघरात आहे. भीती सोड, हे त्याला सांगणे सोपे. भेंडीचा भाव ज्याच्या ताटात पडतो, त्याने ती सोडायची कशी, हा प्रश्न उरतो. चित्रपटात राजू निर्भय होतो तो खिडकीतून उडी टाकून, हाडे मोडून घेऊन, चाकाच्या खुर्चीवर मुलाखतीला बसल्यावर. निर्भयपणाचा हा भाव पडद्यावर स्पष्ट लिहिलेला आहे. तो सोडून फक्त निर्भयपणाचा उपदेश घरी नेणे म्हणजे दुकानातून वस्तू घेऊन पावती टाकून देणे झाले.

तेव्हा लेखकाच्या हेतूचा आक्षेप इथे लंगडा पडतो. हेतू रँचोकडे आहे हे मान्य करावे. पण चित्रपट जिथे जिथे शिकवू लागतो तिथे तो नायकाला फुकटात सोडतो, आणि जिथे शिकवणे विसरतो तिथे तो खरे बोलतो. प्रेक्षकाने यांतले कोणते घ्यायचे, हे लेखकाच्या हेतूवर सोपवायचे कारण नाही.

‘आनंद’ (१९७१) या कसोटीला अधिक प्रामाणिकपणे उतरतो. आयुष्य लांब नको, मोठे हवे, हे सांगणारा माणूस एकटा आहे, त्याच्यावर कोणी अवलंबून नाही, आणि आपले प्रेम त्याने आधीच दूर ठेवलेले आहे. पण हृषीकेश मुखर्जींनी गोष्ट त्याच्या तोंडून सांगितलेली नाही. ती सांगतो डॉ. भास्कर बॅनर्जी. गरिबांची दुखणी औषधाने नव्हे, अन्नाने बरी होतील, हे कळल्यामुळे जो कडवट झालेला आहे, असा हा डॉक्टर. आनंद मरतो, खोलीत शांतता होते आणि टेपरेकॉर्डरमधून त्याचाच आवाज उठतो. तो आवाज ऐकायला भास्कर मागे उरतो. मोठे आयुष्य आनंदने घेतले, लांब आयुष्य भास्करच्या वाट्याला आले. बहुतेक प्रेक्षक भास्करच्या रांगेतले असतात आणि उद्धृत मात्र आनंदला करतात.

एकेक वाक्याने माणसाला धीर येतो, एवढे तरी मान्य करा, असे यावर कोणी म्हणेल. मान्य करायला हरकत नाही. म्हणीही हेच काम करतात. पण म्हण एकटी नांदत नाही, हे मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ‘हाजीर तो वजीर’ म्हणून पुढे ढकलणारी आजीच ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ म्हणून मागेही खेचते, आणि त्यात तिला काही विसंगत वाटत नाही. दोन्ही म्हणी हाताशी ठेवून कुठली कधी काढायची, हे जाणणे म्हणजे तिचे शहाणपण. संवाद उचलणाऱ्याजवळ दुसरी म्हण नसते. ती चित्रपटात होती, त्याने ती ऐकली नाही.

आता नाक मुरडणाऱ्या पक्षाकडे. गल्ल्यासाठी काढलेल्या चित्रपटात विचार असणार कुठून, हा त्यांचा हुकमाचा पत्ता. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गल्ला भरायचा तर लाखो लोकांच्या डोक्यात आधीच घोळत असलेल्या अडचणीला हात घालावा लागतो, आणि ती अडचण सहसा भाड्याची, हुंड्याची, प्रवेशाची किंवा जातीची असते. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा मराठीतला सर्वांत निरुपद्रवी विनोदी चित्रपट म्हणून ओळखला जातो. मुखर्जींच्याच ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून तो घेतलेला. त्यातले संवाद तोंडपाठ असणारी माणसे घरोघरी आहेत, पण त्यात काही विचार आहे असा आळ त्याच्यावर कोणी घेतलेला नाही. आणि तरी पेच कसला आहे? जागा भाड्याने मिळेल ती लग्न झालेल्यांनाच, अशी मालकीणबाईंची अट. चौघे सडेफटिंग, पैकी दोघांना लुगडी नेसावी लागतात. खोटे बोलू नये, हे त्यांनाही पाठ आहे आणि मालकीणबाईंनाही. पण खऱ्याला जागा नाही असा नियम करणाऱ्याचा त्या खोट्यात किती वाटा, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात शोभला असता. इथे तो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पदरामागून येतो, म्हणून त्याला कोणी प्रश्न म्हणत नाही. पुण्यात आजही खोली शोधणाऱ्या अविवाहित मुलामुलींना तो दारात उभे राहून सोडवावा लागतो.

‘सैराट’ने (२०१६) तर दोन्ही पक्षांना एकदमच उघडे पाडले. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाच्या गाण्यांवर लग्नांच्या वराती नाचल्या. प्रेम करावे तर बेभान, असा त्याचा अर्थ लावला गेला. टीकाकारांतल्या काहींनीही तोच अर्थ धरून तो कोवळ्या मुलांना बिघडवतो, असा ओरडा केला. पण मध्यंतरानंतर तो चित्रपट हैदराबादेत जातो. गावात बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची तिथे झोपडपट्टीतल्या खोलीत येऊन पडते. तिला तिथली भाषा येत नाही, स्वयंपाक येत नाही. डोशाच्या गाडीवर काम मिळते, पैसे पुरत नाहीत, परशाच्या मनात संशय शिरतो, हात उठतो, ती घर सोडून निघते आणि परतते. बेभान प्रेमाचे हे पुढचे पान दिग्दर्शकाने घाई न करता वाचून दाखवले आहे. स्वातंत्र्य म्हणजे पळून जाणे एवढेच नव्हे, रोजचे पाणी, भाडे आणि एकमेकांची चिडचिडही त्यातच येते, असे तो दाखवतो. आणि त्या दोघांनी ते सगळे शिकून घेतल्यावर, पोर रांगू-चालू लागल्यावर, माहेरचे लोक भेटी घेऊन दारात येतात. शेवटी आवाज बंद होतो आणि लाल पावले उमटत जातात. ज्या चित्रपटाने इतकी गाणी दिली, त्याने शेवटचे म्हणणे मांडायला एक शब्दही वापरला नाही. संवादांतच तत्त्वज्ञान शोधणाऱ्याने तिथे काय लिहून घ्यायचे?

लोकप्रिय चित्रपटांतले सगळेच असे वाचता येतात, असा दावा इथे नाही. कित्येकांत वाक्याला उत्तर नसतेच. नायक बोलतो, खलनायक पडतो, संपले. असे चित्रपट पोकळ असतात आणि त्यांना पोकळ म्हणावे. पण तो निकाल कथा पाहून द्यावा.

हा सगळा वाद एका मराठी चित्रपटाने आधीच कथा करून सांगितला आहे. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) लोकांना लावण्यांसाठी आठवतो, डॉ. श्रीराम लागू आणि संध्या यांच्यासाठी आठवतो. त्याची जातकुळी ‘द ब्लू एंजल’ या १९३० सालच्या जर्मन चित्रपटाची, पण शंकर पाटलांच्या संवादांनी तो पुरता इथल्या मातीतला झाला. गावाला वळण लावणारे गुरुजी तमाशातल्या चंद्रकलेच्या नादी लागतात. गावापुढचा आदर्श ढळू नये म्हणून दुसऱ्याच्या प्रेताला त्यांचे कपडे चढवले जातात आणि गुरुजी मेले असे ठरते. गाव त्यांना देव मानू लागते, त्यांच्या शिकवणीवर चालू लागते. पुढे फडाबरोबर वणवण करणारा एक बेवारशी माणूस त्याच गुरुजींच्या खुनाच्या आरोपाखाली पकडला जातो. तो गुरुजीच असतो. खरे सांगितले तर सुटेल, पण शिकवण बुडेल. म्हणून तो गप्प राहतो आणि फाशीची शिक्षा पत्करतो.

गावाजवळ गुरुजींचे सगळे सुविचार जसेच्या तसे असतात. ते ज्याचे होते, त्या आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाला गावातले कोणीही ओळखत नाही.